पंचविसावी रेघ

मित्रांनो, माझ्यावर कधीच कोणी 'अ' काढला नाही. पाढे लिहिले नाहीत, सुविचार लिहिला नाही, गुरुजींची पाठ वळल्यावर कोणी गाढवाचे चित्रही काढले नाही. मी जुना फळा आहे, पण शाळेचा नव्हे. माझे सगळे आयुष्य ऑपरेशन थिएटरच्या भिंतीवर गेले. माझ्यावर फक्त रेघा मारल्या. चार उभ्या, पाचवी आडवी.

माझा जन्म १९९१ सालचा, पंचवटीतल्या देवराम मिस्त्रींच्या कारखान्यातला. एका शाळेसाठी आठ फळे करायचे होते. आठ झाल्यावर एक फळी उरली. मिस्त्रींनी तिला रंधा मारला, काळ्या रंगाचे तीन हात दिले, चौकट ठोकली, आणि मी झालो. माझे आठ भाऊ शाळेत गेले. मी मात्र नाशकातल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात गेलो. दवाखान्याचे नाव मी सांगत नाही. भितो म्हणून नव्हे. नाव सांगितले की तुम्ही म्हणाल, हे त्या एकाच जागचे दुखणे, आणि निश्चिंत व्हाल. तसे मला होऊ द्यायचे नाही.

थिएटर पहिल्या मजल्यावर होते. रस्त्याच्या बाजूला मोठी काचेची खिडकी, खिडकीबाहेर गुलमोहर. तिथे माझे काम काय, ते आधी नीट समजून घ्या. पोटाचे ऑपरेशन करताना रक्त टिपायला पांढऱ्या फडक्याच्या जाड घड्या आत ठेवतात. त्यांना मॉप म्हणतात. रक्तात भिजली की ही घडी आतल्या मांसासारखीच लाल दिसते, डोळ्यांना ओळखू येत नाही. म्हणून जितके मॉप आत गेले तितके बाहेर आले की नाही, हे पोट शिवण्याआधी मोजायचेच. एक जरी आत राहिला तरी माणूस सडतो, तापाने फणफणतो, मरतोसुद्धा. आत गेलेल्या प्रत्येक मॉपची रेघ माझ्यावर पडे. परत आला की त्याच रेघेवर फुली.

मोजायचे काम संध्या भोये या सिस्टरचे. सुरगाण्याकडच्या डोंगरातली ही मुलगी. आई नागली दळताना जात्यावर गायची, ते हिच्या गळ्यात उतरलेले. रेघा मारायचे काम सिंधुबाईंचे. त्या थिएटरच्या आया, पण सगळे त्यांना मावशी म्हणत. मावशींना लिहिता येत नव्हते, रेघ मात्र सरळ यायची. खडूची भुकटी उडू नये म्हणून त्या खडू पाण्यात बुडवून घेत. ओली रेघ आधी दिसतच नसे. मग वाळता वाळता हळूच पांढरी होऊन वर येई, पहाटेच्या चांदणीच्या उलट रीतीने.

आणि मोजणी कशी व्हायची, सांगू? गाण्यात. संध्या सिस्टर तोंडावरच्या मास्कआडून हलक्या आवाजात म्हणायच्या,

*पाच गं बगळे । उतरले शेतात*
*पाचही मोजून । घेईन हातात*

मावशी शेवटचा शब्द धरून मान हलवायच्या आणि आडवी रेघ ओढायच्या. पुन्हा पाच मॉप लागले की,

*पाचावर पाच । बगळ्यांची रांग*
*मावशी, फळ्यावर । दहा झाले सांग*

"धा झाले," मावशी म्हणायच्या.

ओवीत आकडा चुकत नाही, मित्रांनो. पाऊल चुकले की गाणेच लंगडते आणि कळते. सर्जन होते डॉक्टर ललित. ते आत आले की पहिल्यांदा विचारायचे, आज किती बगळे उतरवणार? आणि पोट शिवायची वेळ आली की स्वतःच हात थांबवून वाट बघायचे. मग संध्या सिस्टर परतीची ओवी म्हणायच्या,

*गेले तितके या रे । मागं नका राहू*
*परक्याच्या पोटी । घर नका पाहू*

आठ वर्षे अशी गेली. माझ्यावरच्या रेघा आणि फुल्या यांचा मेळ एकदाही चुकला नाही. कात्री ताटलीत ठेवल्याचा आवाज, नळाचा आवाज, आणि गुलमोहरावर कोणी पाखरू बोलले तर त्याचा. एवढाच काय तो आवाज. मला वाटायचे, शाळेत गेलो नाही तेच बरे झाले.

१९९९ साली दवाखान्याला जनरेटर मिळाला.

मी जनरेटरला शिव्या देणार नाही. वीज जायची तेव्हा बॅटरीच्या दिव्यावर टाके घालताना मी याच माणसांना पाहिले होते. ट्रस्टचे एक विश्वस्त किशोरशेठ, त्यांनी वडिलांच्या स्मरणार्थ ते मोठे यंत्र दिले, तेव्हा आम्हालाही आनंद झाला. नारळ फुटला, पेढे वाटले. चूक पुढे झाली. बसवायला आलेला इंजिनिअर म्हणाला, हे मागे धोबीखान्याजवळ बसवा, आवाज फार करते. किशोरशेठ वाईट माणूस नव्हते. पण त्यांनी संगमरवरी पाटी करून आणली होती, वडिलांचे नाव सोनेरी अक्षरांत. ते म्हणाले, वडिलांचे नाव मागे, चादरी वाळत घालायच्या दोरीखाली लावू? फाटकातून येणाऱ्या प्रत्येकाला पाटी दिसली पाहिजे. फाटकातून दिसणारी जागा एकच होती. गुलमोहर तोडला, ओटा बांधला, आणि जनरेटर आमच्या खिडकीखाली बसला. पाटी दिसावी म्हणून. मी पुन्हा सांगतो, पाटी दिसावी म्हणून.

तो पहिल्यांदा सुरू झाला तेव्हा काचा झणझणल्या. ताटलीतल्या चिमट्यांना कापरे भरले. वाडग्यातल्या पाण्यावर गोल गोल लाटा उठल्या. मी खिळ्यावर थरथरू लागलो आणि माझ्या पट्टीवरचा खडू घरंगळत खाली पडला. पंख्याच्या भोकातून धूर आणि धडधड दोन्ही आत आली. सुरुवातीला आठवड्यातून एखादा तास. मग भारनियमन वाढत गेले, तसतसे रोज दोन तास, चार तास, सहा तास.

एक आवाज आला की तो एकटा राहत नाही. नाडी दाखवणाऱ्या यंत्राचा टूँ टूँ ऐकू येईना, म्हणून त्याचा आवाज वाढवला. तो वाढला म्हणून डॉक्टर मोठ्याने बोलू लागले. डॉक्टर मोठ्याने बोलतात म्हणून सगळेच ओरडू लागले. दाराबाहेर नातेवाईक ओरडून विचारत, आतून ओरडून उत्तर जाई. पुढे मोबाइल आले, ते वाजू लागले. ओवी कधी बंद पडली, ते मलाही नेमके सांगता येणार नाही. एक दिवस मावशींना शेवटचा शब्द ऐकू आला नाही. मास्कमुळे ओठ दिसत नव्हते. मग संध्या सिस्टर एकेक मॉप वर धरून दाखवू लागल्या आणि आकडा ओरडू लागल्या. बगळे उडून गेले. राहिली आरडाओरड.

लोक म्हणतात, आवाजाची सवय होते. मित्रांनो, ज्यांना सवय झाली असे सगळे म्हणत होते, त्यांना मी रोज समोरून पाहत होतो. माझ्याकडे दुसरे काम काय होते?

सिस्टर खिडकीकडे डावा खांदा करून उभ्या राहायच्या, कारण टेबलाची रचनाच तशी होती. तिसऱ्या वर्षी त्या मावशींना म्हणाल्या की घरी गेल्यावरही कानात रातकिडे किरकिरतात. अडतिसाव्या वर्षी रक्तदाबाची गोळी सुरू झाली. त्यांची मुलगी मनाली सहावीत होती. ती एकदा जेवताना म्हणाली, आई, आपण काही भांडत नाही आहोत, हळू बोल ना. हे सांगताना सिस्टर हसल्या, मग मास्क नीट करायच्या निमित्ताने तोंड फिरवले. भूल देणाऱ्या डॉक्टर मॅडम घरी गेल्यावर तासभर कोणाशी बोलत नसत. नवऱ्याला वाटे, आपले काही चुकले. डॉक्टर ललितांच्या गोष्टी संपल्या, थट्टा संपली. दुपार झाली की त्यांचे हात जड होत. मागितला एक धागा, हातात आला दुसरा, की चिमटा भिरकावत. मग मुकाट्याने स्वतःच उचलून देत आणि ओशाळत. तृप्ती नावाची नवी सिस्टर आली होती, हुशार पोरगी. चार महिन्यांत राजीनामा देऊन गेली. जाताना म्हणाली, इथे माझ्या डोक्यात विचारच पूर्ण होत नाही.

आणि खाली जनरेटरपाशी स्टुलावर बसायचा गोटीराम. यंत्र चालू करणे, बंद करणे, डिझेल भरणे हे त्याचे काम. कानांत कापसाचे बोळे. ट्रस्टने त्याला गणवेश दिला, बॅज दिला, कानांसाठी काही दिले नाही. दोन वर्षांत त्याला हाक ऐकू येईनाशी झाली. वॉर्डातली माणसे त्याला 'बहिरोबा' म्हणत. तो ओठांची हालचाल बघून आपणही हसायचा.

संध्या सिस्टरांनी तीन अर्ज दिले. जनरेटर मागे हलवा, नाहीतर त्याला आवाज अडवणारी पेटी बसवा. पहिल्या दोन अर्जांना उत्तर नाही. तिसऱ्याला आले. दवाखान्यात चार नव्या पाट्या लागल्या. पाटीवर पांढऱ्या टोपीतली सिस्टर, ओठांवर बोट, खाली 'शांतता राखा'. त्यातली एक आमच्या दारावर ठोकली. मावशी तिच्याकडे बघत म्हणाल्या, "आपल्यालाच गप बसवलंय जनू." त्या दिवशी जनरेटर सलग पाच तास चालला.

आता २००५ च्या मे महिन्यातली ती सकाळ ऐका.

विठाबाई नावाच्या बाई लासलगावहून आल्या होत्या. बाजारात व्यापाऱ्याच्या खळ्यावर कांदा निवडायचे काम करायच्या. गर्भाशयात नारळाएवढी गाठ होती. भूल पाठीत द्यायची, म्हणजे कमरेखाली बधिर, पण बाई जाग्या. साडेदहाला सुरुवात झाली. अकराला ठरल्याप्रमाणे वीज गेली आणि खालून धडधड उठली. विठाबाई पडद्याआडून डॉक्टर मॅडमना म्हणाल्या, "आमच्या लिलावात बी एवढा गलका नसतो गं बाय. तुमी कामं कशी करता?" मॅडमना ते नीट ऐकू आले नाही. मला आले, कारण मी त्यांच्या डोक्याशी होतो.

रक्त अपेक्षेपेक्षा जास्त गेले. पाच मॉप, दहा, पंधरा. गाठ निघाली, रक्त थांबले, तोवर माझ्यावर पंचवीस रेघा पडल्या होत्या. मग परतीची मोजणी सुरू झाली. संध्या सिस्टरांनी मोजले, चोवीस. पुन्हा मोजले. सतराव्या मॉपला बाहेर कोणीतरी स्ट्रेचर दारावर आपटले, सूत्र तुटले. पुन्हा पहिल्यापासून, चोवीस. डॉक्टर ललित वैतागून ओरडले, की मावशींची रेघच एक जास्त पडली असेल, या गोंगाटात काय सांगावे. बाहेर दुसरी पेशंट तयार आहे, सुई द्या.

सिस्टरांनी तिसऱ्यांदा मोजले. या वेळी पंचवीस भरले.

"झालं ना," डॉक्टर म्हणाले. "पंचवीस. द्या सुई."

मित्रांनो, मी लाकडाचा आहे. मला तोंड असते तर मी त्या क्षणी ओरडलो असतो. फुल्या चोवीसच होत्या. पंचविसावी रेघ वाळून पांढरी झालेली, उघडीच्या उघडी. पण माझ्याकडे कोणी पाहत नव्हते. सिस्टर मात्र सुई हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. घाम डोळ्यांत उतरत होता. मग त्या म्हणाल्या, आणि त्या वेळी ओरडल्या नाहीत, फक्त डॉक्टरांच्या जवळ झुकल्या.

"सर, दोनदा चोवीस, एकदा पंचवीस. माझं डोकं आत्ता मोजायच्या लायकीचं नाही. तुमचंही नाही. सुई मी देणार नाही."

"मग करायचं काय?"

"जनरेटर बंद करू. पाच मिनिटं."

डॉक्टरांना वाटले, बाईला वेड लागले. दिवा जाईल, ते म्हणाले. सिस्टरांनी खिडकीतल्या उन्हाकडे आणि कोपऱ्यातल्या बॅटरीच्या दिव्याकडे मान केली. रक्त थांबलेय, पेशंट स्वतः श्वास घेतेय, तिला कुठल्या यंत्राची गरज नाही, त्या म्हणाल्या. भूल देणाऱ्या मॅडमनी विठाबाईंचे मनगट हातात घेतले. पाच मिनिटे चालेल, म्हणाल्या, मी नाडी धरून बसते. डॉक्टरांनी हातातला चिमटा खाली ठेवला. सिस्टरांनी मावशींकडे पाहिले. मावशी जिना उतरून धावत गेल्या. गोटीरामपुढे दोन्ही तळवे पसरले. त्याने किल्ली फिरवली.

आवाज थांबला, तो एकदम नाही. आधी तो कानांतून गेला, मग दातांतून, मग माझ्या चौकटीतून. चिमटे शांत झाले. वाडग्यातले पाणी आरशासारखे झाले. कितीतरी दिवसांनी मला डॉक्टर ललितांचा श्वास ऐकू आला. त्यांनी खांदे खाली सोडले, आणि मला कळले की पाच-सहा वर्षे ते खांदे वरच होते.

सिस्टर मोजू लागल्या. आपण कशात मोजतोय हे त्यांच्या ध्यानातही नव्हते. पाच गं बगळे, उतरले शेतात. मावशी धापा टाकत परत आल्या आणि दारातूनच शेवटचा शब्द उचलू लागल्या. पडद्याआडून विठाबाई म्हणाल्या, "आता कसं ग्वाड वाटतंय. म्हना की अजून." शेवटच्या रांगेत चारच बगळे होते. ओवी लंगडली. सगळ्यांना ऐकू आली.

डॉक्टरांनी बॅटरीच्या दिव्याखाली डोळे मिटले आणि हात आत घातला. उताविळी नव्हती, ओरडा नव्हता. दोन मिनिटे गेली असतील. आतड्यांच्या मागे, पार वर सरकलेला, लालभडक भिजलेला तो मॉप त्यांनी बाहेर काढला आणि ताटलीत ठेवला. मावशींनी पंचविसाव्या रेघेवर फुली मारली. खडू बुडवायला त्या विसरल्या.

विठाबाई नवव्या दिवशी चालत घरी गेल्या. त्याआधी संध्या सिस्टरांनी त्यांच्या खाटेवर बसून सगळे खरे सांगितले. बाईंनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "मी जागीच व्हते. तूच वाचवलं, एवढं मला कळलं."

पण खाली ऑफिसात त्या दिवशी वेगळेच झाले होते. किशोरशेठ पाहुण्यांना दवाखान्याची माहिती देत होते. मध्येच पंखे थांबले, कॉम्प्युटर बंद पडला. चौकशी झाली. चौथ्या दिवशी सिस्टरांच्या हातात मेमो पडला. ऑपरेशन चालू असताना जाणूनबुजून वीज बंद केली, रुग्णाच्या जिवाला धोका निर्माण केला, आठ दिवसांत खुलासा द्या, अन्यथा सेवा समाप्त. चौदा वर्षांची नोकरी. घरात नवरा एका कारखान्यातून कमी झालेला, मनाली शाळेत. आणि दुसऱ्या कुठल्या दवाखान्यात जायचे म्हटले तरी या मेमोसकट कोण घेणार होते?

माझा राग त्या मेमोवर होताच, पण त्याहून जास्त डॉक्टर ललितांवर होता. त्यांनी खरे सांगायचे म्हटले, तर मॉप आत ठेवून पोट शिवायला कोण निघाले होते, हेही सांगावे लागले असते. आठ दिवस त्यांनी तोंड उघडले नाही. रोज आत येत, हात धूत, काम करत, माझ्याकडे न बघता जात. मावशींनी मात्र माझी उजवी बाजू पुसायला नकार दिला. "ह्या पंचवीस रेघा मी पुसनार नाय. कुणाला काय करायचं ते करा." नव्या ऑपरेशनच्या रेघा त्या डाव्या अर्ध्यात दाटीवाटीने मारत.

मेमो आल्यापासून नवव्या दिवशी चौकशीला किशोरशेठ स्वतः आले. खाली बोलावणार होते, पण मावशी म्हणाल्या की पुरावा भिंतीला ठोकलेला हाय, तो खाली येनार नाय. म्हणून ते वर आले. टोपी, मास्क घालून स्टुलावर बसले. डॉक्टर ललित कोपऱ्यात उभे. किशोरशेठ म्हणाले, रेघा काय, कोणीही मारू शकतो. तेवढ्यात अकरा वाजले. वीज गेली, आणि खाली धडधड सुरू झाली.

सिस्टर बोलत होत्या. नेहमीच्या, घरगुती आवाजात. किशोरशेठ पुढे झुकले. कानामागे हात नेला. मोठ्याने बोला, अशी खूण केली. सिस्टरांनी नकाराची मान हलवली आणि त्याच आवाजात बोलत राहिल्या. त्यांनी ठरवूनच टाकले होते, आता ओरडायचे नाही. दोन मिनिटे असे चालले. मग किशोरशेठ वैतागले, उठले, खिडकीपाशी गेले आणि गोटीरामचे वर लक्ष जाईपर्यंत हात हलवून त्याला खूण केली. बंद कर.

आवाज थांबला.

"हं," किशोरशेठ बसत म्हणाले, "आता बोला. काही ऐकूच येत नव्हतं."

"मीही एवढंच केलं होतं, शेठ," संध्या सिस्टर म्हणाल्या.

 मग कोपऱ्यातून डॉक्टर ललित पुढे आले. माझ्यापाशी उभे राहिले आणि पंचविसाव्या रेघेवर बोट ठेवले.

"हा मॉप मी आत ठेवून शिवणार होतो," ते म्हणाले. "मी सुई मागितली होती, यांनी दिली नाही. मेमो मला द्या. हे मी लिहून देतो."

त्यांनी तिथेच, मावशींनी धरलेल्या कागदावर लिहून दिले. माझा राग तेव्हा निम्मा उतरला. निम्मा अजून आहे, कारण आठ दिवस काही थोडे नसतात.

मेमो रद्द झाला. राहिला जनरेटर. किशोरशेठ खाली मान घालून म्हणाले, पण वडिलांची पाटी... तेव्हा मावशी म्हणाल्या, "पाटी ऱ्हाऊ द्या की हितंच. ती कुटं आवाज करती? इंजिन तेवढं मागं न्या." सहा वर्षे इंजिनिअर, विश्वस्त, डॉक्टर, कोणाच्या डोक्यात हे आले नव्हते. कारण मावशींना कोणी विचारलेच नव्हते. पंधरा दिवसांत यंत्र मागे धोबीखान्याजवळ गेले. ओट्यावर पाटी एकटीच उभी राहिली. नवखी माणसे तिला समाधी समजून फुले वाहतात. किशोरशेठना ते आवडते.

आमचे थिएटर शांत झाले. पण संध्या सिस्टरांचा डावा कान परत आला नाही. तपासणीच्या कागदावर त्या कानाची रेघ घाट उतरावा तशी खाली गेलेली होती. हे आता भरून येणार नाही, असे कानाच्या डॉक्टरांनी सांगितले. थिएटरमध्ये नवे कोणी आले की मावशी पहिल्यांदा शिकवायच्या, सिस्टरांशी उजव्या बाजूने बोलायचं. डॉक्टर ललित इतकी वर्षे टेबलाच्या ज्या बाजूला उभे राहत, ती त्यांनी बदलली. सर्जनला हे किती अवघड असते, ते सर्जनलाच विचारा.

२००८ साली पांढरा चकचकीत फळा आला. मला उतरवले आणि धोबीखान्यात टांगले. आता माझ्यावर चादरी आणि उशांच्या खोळी यांच्या रेघा पडतात. माझी तक्रार नाही. पण मी इथे आलो आणि पहिल्याच दिवशी अकरा वाजता माझी चौकट थरथरली. तोच जनरेटर, आता माझ्या पाठीमागच्या भिंतीपलीकडे. कपडे धुणाऱ्या लताबाई आणि त्यांच्या दोन साथीदारणी ओरडून बोलत होत्या. आणि दारासमोर, त्याच स्टुलावर, तोच कापूस कानांत घालून गोटीराम बसला होता. यंत्र मागे नेताना त्याचे स्टूलही मागे नेले होते. कोणाला त्यात काही वावगे वाटले नव्हते. खरे सांगू? मलाही नव्हते. तीन वर्षे मी वर भिंतीवर शांततेत मजेत होतो.

एकदा संध्या सिस्टर चादरी घ्यायला आल्या, तेव्हा त्यांनी हे सारे पाहिले. दुसऱ्या दिवशी त्या किशोरशेठना इथे घेऊन आल्या. म्हणाल्या, यंत्राला आवाज अडवणारी पेटी बसवा, या माणसाचे कान तपासा, त्याला दुसरे काम द्या. किशोरशेठना आश्चर्य वाटले. ते म्हणाले, आता तुमच्या थिएटरला तर काही त्रास नाही ना?

"मला नाही. गोटीरामभाऊंना आहे."

"त्याने तर कधी तक्रार केली नाही."

 सिस्टर गोटीरामच्या मागे उभ्या राहिल्या, त्याच्या पाठीपासून हातभर अंतरावर, आणि त्याला हाक मारली. यंत्र त्या वेळी बंद होते. चादरीवरून पाणी ठिबकल्याचे ऐकू येत होते. त्यांनी पुन्हा हाक मारली. गोटीराम समोरच्या दोरीवर बसलेली चिमणी बघत होता. तो तसाच बघत राहिला.

किशोरशेठ मग त्याच्यासमोर गेले. उकिडवे बसले, आपले तोंड त्याला दिसेल असे, आणि विचारले, ऐकू यायचे कधीपासून बंद झाले?

मित्रांनो, दवाखान्यात तुम्ही कधी ना कधी जाल. मोबाइल बंद ठेवा, गाडीचा हॉर्न वाजवू नका, हे तुम्हाला सगळे सांगतातच, आणि ते कराच. माझे मागणे त्यापुढचे आहे. जी माणसे तुमचे प्राण मोजून परत आणतात, त्यांच्यापैकी कोण गप्प आहे ते बघा. ते ठीक आहेत म्हणून गप्प आहेत, असे धरून चालू नका. समोर जा, उकिडवे बसा, आणि विचारा.